माळ मोकळा दिसतो, पण तो कुणाचा?

वाचकाचं पत्र:

"मी विट्याचा. घरचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा तमिळनाडूत, दहा वर्षं तिकडेच होतो. वर्षापूर्वी गावी परतलो आणि हौसेनं सेकंडहँड थार घेतली. डिझेल, फोर बाय फोर. पण फोर-एलचा (चारही चाकांना जोर देणाऱ्या, संथ गतीच्या गिअरचा) दांडा अजून एकदाही ओढलेला नाही. मित्र म्हणतात चाळकेवाडीच्या पठारावर जाऊ, कुणी म्हणतं कासला, कुणी म्हणतं येरळेच्या पात्रात उतरवू. गेल्या महिन्यात साताऱ्याकडे एका कच्च्या रस्त्यावर वनरक्षकानं अडवलं आणि परत पाठवलं. चारचौघांत फार ओशाळल्यासारखं झालं. मेहुणे म्हणतात, 'आपल्याकडं कोण विचारतंय?' बायको म्हणते, विकून टाका ती गाडी. मला कायद्यात राहून शिकायचंय. कुठे जाऊ, कुणाला विचारू, सुरुवात कशी करू? – एक विटेकर"

प्रिय विटेकर,

वनरक्षकानं अडवल्यावर हुज्जत न घालता मागे फिरलात, हे फार बरं केलंत. गाडी विकायची गरज नाही, वहिनींना तसं सांगा. त्यांच्यासाठीही पुढे थोडं लिहिलंय.

आधी सरळ उत्तर देतो. सातारा-सांगलीत सरकारनं आखून, पाट्या लावून दिलेला ऑफ-रोडचा, म्हणजे पक्का रस्ता सोडून गाडी चालवायचा, मार्ग नाही. तुम्ही जे व्हिडिओ बघता त्यातले बरेच अमेरिकेतले असतात. तिकडे वनखातं स्वतः नकाशा काढतं. कुठल्या वाटेवर कुठल्या प्रकारची गाडी, वर्षाच्या कुठल्या काळात चालेल, हे त्यावर दिलेलं असतं आणि तो नकाशा फुकट मिळतो. आपल्याकडे तसा कागद नाही, म्हणून मनाईही नाही असा लोकांचा समज होतो. तुमच्या मेहुण्यांचं वाक्य त्यातूनच आलंय. पण आपला माळ मोकळा असला तरी बेवारस नाही. त्याचा प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या नावावर आहे आणि बहुतेक तुकड्यांवर कुणाचे तरी कष्ट सांडलेले आहेत.

हे मी शिकलो ते एका म्हातारीकडून. २०१७ चा जून, माण तालुक्यातलं एक गाव. वळवाचे एकदोन पाऊस होऊन गेलेले. मी आणि माझा मित्र जुनी जीप घेऊन एका उघड्या डोंगरउतारावर चढत होतो. गवताचं पातं नाही, झाड नाही. इथे काय बिघडणार, असंच वाटत होतं. उतारावर आडव्या रेघा दिसत होत्या, त्यांवरून जीप आदळत गेली तेव्हा आम्हाला मजाच वाटली. खाली उतरलो तर एक आजी डोक्यावरचा पदर सावरत वाटेत उभी. ती ओरडली नाही. म्हणाली, "ह्ये आमी पंचेचाळीस दिस उन्हातान्हात खांदलंया, बाबा." त्या रेघा म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवायला खणलेले सलग समतल चर होते. दोन फूट रुंद, एक फूट खोल, आणि खालच्या अंगाला उकरलेल्या मातीचा भराव. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी अख्ख्या गावानं श्रमदान करून काढलेले. आम्ही परत चढून बघितलं. चार ठिकाणी चाकानं भराव फोडला होता. एका जागी तर परवाच्या पावसाचं साठलेलं पाणी त्या खिंडारातून वाहून जाऊन खालच्या चराची माती ओढून घेऊन गेलं होतं. एक चर फुटला की त्याचं पाणी जोरानं खालच्यावर येतं, मग तोही फुटतो. गावातून फावडी-पाट्या मागून आणल्या आणि दिवस मावळेपर्यंत भराव घालत बसलो. आजी शेवटपर्यंत थांबली होती, आम्ही माती नीट दाबतोय की नाही ते बघत.

कोरेगाव, खटाव, माण, आटपाडी, जत, या दुष्काळी पट्ट्यातल्या उतारांवर असं काम गावोगाव झालेलं आहे. २०१६ चा पहिला वॉटर कप कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं जिंकला होता. चाकाखाली येण्याआधी ही कामं ओळखायला शिका: आडव्या समांतर रेघा म्हणजे चर, ओढ्यात रचलेल्या दगडांच्या ओळी म्हणजे दगडी बांध, उताराला मध्येच सरळ मातीचा उंचवटा म्हणजे कंपार्टमेंट बंडिंग. यातलं काहीही दिसलं की गाडी तिथेच थांबवायची.

आता तुमच्या मित्रांनी सुचवलेल्या जागांविषयी.

कास नाही. आणि मी हे नुसत्या कायद्याच्या धाकानं सांगत नाही. कासचं पठार राखीव वन आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण उन्हाळ्यात तिथे जाऊन एकदा खाली बसून बघा. जांभ्याच्या कातळावर माती किती आहे? बोटाचं एखादं पेर, कुठे तेवढीही नाही. त्या तेवढ्या थरात पुढच्या पावसाळ्याची बीजं आणि कंद असतात. चाक तिथे एकदा गरकन फिरलं की कातळ उघडा पडतो, आणि दरवर्षीचा पाऊस त्याच चाकोरीतून माती ओढत राहतो. जांभ्यावर नवी माती तुमच्या-माझ्या हयातीत बनत नाही.

चाळकेवाडीचं पठार वरून कासपेक्षा रुक्ष दिसतं, पवनचक्क्यांचे रस्ते सगळीकडे गेलेले, त्यामुळे लोक बिनधास्त गाड्या घालतात. तिथला एक रहिवासी तुम्हाला माहीत असावा म्हणून सांगतो. गळ्याला पंख्यासारखी पिशवी असलेला सरडा. नर उन्हाळ्यात एखाद्या दगडावर चढतो आणि निळा, काळा, केशरी असा गळा फुगवून माद्यांना बोलावतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ही जात नव्यानं नोंदवली, ती याच पठारावरच्या सरड्यांवरून, आणि तिच्या शास्त्रीय नावात आपला मराठी शब्द 'सरडा' जसाच्या तसा ठेवला. हे सरडे मातीत अंडी घालतात. पवनचक्कीचा रस्ता सोडून तुम्ही गाडी माळावर घेतलीत तर काय चिरडलं ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. ते रस्तेही कंपन्यांनी आपल्या कामासाठी केलेले, त्यामुळे फाटकावर विचारल्याशिवाय आत जायचं नाही.

कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये त्या दोन्हींना जोडून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, इथे परवानगीशिवाय आत जाणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ नं बंद आहे. तुमच्या घरापासून जवळचं सागरेश्वरही अभयारण्यच. साध्या राखीव वनात विनापरवाना शिरणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. वनखात्याची जमीन फक्त पश्चिमेकडे, झाडीत असते असं समजू नका. खानापूर, आटपाडी, माणमध्ये पार उघड्या माळावरही वनखात्याची गटं आहेत. चुना दिलेला दगडांचा बुरूज आणि त्यावर आकडा दिसला की ती वनहद्द.

येरळेच्या पात्रात उतरू नका. पात्र सरकारी असतं, त्यात गावांच्या पाणीयोजनांच्या विहिरी आणि शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी असतात. शिवाय वाळूचोरीनं आपल्याकडची गावं पोळलेली आहेत. पात्रात फोर बाय फोर दिसली की लोक तुम्ही कोण म्हणून विचारणार नाहीत, आधी तलाठ्याला फोन करतील. त्यांचं काही चुकत नाही. धरणांच्या काठची ओसाड दिसणारी जमीनही टाळा. पाणी ओसरल्यावर तिथे गाळपेरीला जमीन दिलेली असते, आणि वरचा पापुद्रा वाळलेला दिसला तरी खाली मांडीएवढा गाळ असतो. तिथे रुतलेली जीप काढायला आलेला ट्रॅक्टरही रुतलेला मी बघितला आहे.

एवढं सगळं 'नाही' ऐकून निराश होऊ नका. शिकण्यासाठी जे लागतं ते तुमच्या घराच्या आसपास आहे.

पाणंद. पहिले दोन महिने मी तुम्हाला पाणंदीशिवाय दुसरीकडे जायला सांगणार नाही. गावातून शिवाराकडे, एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटा भूमी अभिलेख खात्याच्या गावनकाशावर दाखवलेल्या असतात. नकाशात तुटक दुहेरी रेघ असेल तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा, तो माणसांचा आणि गुरांचा, त्यात गाडी घालायची नाही. नकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. ती घेऊन तलाठ्याकडे जा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि विचारा की यातल्या कुठल्या वाटा चालू आहेत, कुठल्यांवर अतिक्रमण आहे, कुठल्यांवरून वाद आहे. वादातल्या पाणंदीत तुमची गाडी दिसली तर भाऊबंदकीत तुम्ही विनाकारण साक्षीदार व्हाल.

पाणंदीवरून जायचा हक्क तुम्हाला असला तरी ती शेतकऱ्याची कामाची वाट आहे. ऊसतोडीच्या दिवसांत, दिवाळीपासून मार्चपर्यंत, समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला तर मागे तुम्ही जायचं. भरलेल्या ट्रॉल्यांना मागे जाता येत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत तर जाऊच नका. तुम्ही रुताल ते राहू द्या, पण तुम्ही पाडलेल्या फूटभर चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि मग वर्षभर बैलगाडीचं चाक त्यात अडकतं. तुमच्याकडच्या मुरमाड वाटांचं बरं असतं. मुरमातून पाणी लवकर निचरून जातं, आणि नवशिक्याला हवी तेवढी घसरण, खडे, खड्डे त्यात मिळतात.

दुसरी जागा म्हणजे कुणाची तरी पडीक जमीन. तुमच्याकडे हे सोपं आहे, गलाईवाल्यांचं निम्मं शिवार पडूनच असतं. पण 'चुलत्याचंच रान आहे' एवढ्यावर जाऊ नका. सातबारा काढा आणि भोगवटादारांची नावं बघा. आपल्याकडे एका गटावर सात-आठ नावं सहज असतात, त्यातला एक मुंबईला, एक कोइमतूरला, आणि जो गावात असतो त्याचंच बाकीच्यांशी पटत नसतं. सगळ्यांना फोन करा. गायरान असेल तर ते गावाच्या गुरांचं, ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

मालकाकडे पहिल्यांदा जाताना थार नेऊ नका. मोटरसायकलवर जा, चहा घ्या, आणि त्याच्याबरोबर सगळी जमीन पायी फिरा. पाइपलाइन कुठून गेली आहे ते त्याला पायानं दाखवायला सांगा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून खानापूर-आटपाडीकडच्या माळांखालून प्लास्टिकच्या पाइपांचं जाळं पसरलंय. दहा वर्षांपूर्वी तुम्ही जिथे क्रिकेट खेळलात तिथे आज डाळिंबाची बाग असू शकते आणि शेजारच्या पडीक तुकड्याच्या पोटातून तिची मुख्य लाइन जात असते. ती हातभर खोल असेल तर दोन टनांच्या गाडीनं एका जागी चाकं फिरवली की फुटते. उघडी विहीर, जुना बोअर, झाडोऱ्यातली काटेरी तार हेही पायीच कळतं. मेंढरांचा वाडा बसलेला असेल तर धनगरांना भेटा, इंजिनच्या आवाजानं गाभण मेंढ्या बिथरतात. उन्हाळ्यात माळावर टिटवी एकाच जागी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तिथे अंडी आहेत. ती बाजू सोडून द्या.

आता गाडीविषयी. पहिला दिवस सपाट मुरमावर काढा आणि नुसता दांडा शिका. टू-एचमधून (नुसत्या दोन चाकांना जोर) फोर-एच (चारही चाकांना, नेहमीच्या वेगात), मग पूर्ण थांबून फोर-एल. फोर-एलमध्ये पहिल्या गिअरला पाय ब्रेक-ॲक्सिलरेटर-क्लच सगळ्यांवरून काढून घ्या आणि गाडी आपोआप मुंगीच्या गतीनं कशी सरकते ते नुसतं अनुभवा. उतार उतरायचा तो असाच, इंजिनच्या जोरावर रोखत. उतारावर मध्येच क्लच दाबला की गाडी मोकाट सुटते, नवशिक्यांचे बरेच अपघात याच एका सवयीनं होतात, कारण घाबरल्यावर पाय आपसूक क्लचकडे जातो. तो पाय खाली सपाट ठेवायची सवय लागेपर्यंत चढ-उताराकडे वळू नका. डांबरी रस्त्यावर परत आलात की टू-एच. तुमच्या गाडीत पुढचा आणि मागचा आस फोर-एचमध्ये एकत्र बांधले जातात, कोरड्या डांबरावर वळताना ते एकमेकांना पिळत राहतात आणि खर्च गिअरबॉक्सला येतो.

टायरमधली हवा हा दुसरा धडा. रस्त्यावर तुम्ही ३० पीएसआयच्या आसपास ठेवत असाल. खडबडीत जागी ती २४ पर्यंत उतरवा, टायर पसरतो, जमीन धरतो, गाडी उड्या मारत नाही आणि जमिनीलाही कमी लागतं. पण कमी हवेवर डांबरावरून घरी वेगानं यायचं नाही, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप आधी घ्या. मोठे टायर, विंच, लोखंडी बंपर यांचा विचारच सध्या करू नका. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि शिकण्यासाठी त्यातलं काहीही लागत नाही.

रुतलेली गाडी ओढताना माणसं जखमी होतात, ते मात्र मनावर घ्या. आपल्याकडे लगेच ट्रॅक्टरची साखळी येते आणि दिसेल तिथे अडकवली जाते. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला साखळी कधीही लावू द्यायची नाही. तो तुटला तर गोळीसारखा काच फोडून आत येतो. चासीला बोल्ट केलेल्या टो-हुकालाच लावा, साखळीऐवजी स्वतःचा चांगला पट्टा आणि शॅकल (पट्टा अडकवायची मजबूत कडी) गाडीत ठेवा, ताणलेल्या पट्ट्यावर ओलं पोतं टाका, आणि बघायला जमलेल्या पोरांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट मागे हटवा. ट्रॅक्टरवाल्याला सांगा, हिसका नको, हळू ओढ. त्याआधी फावड्यानं चाकापुढची माती काढून बघा, निम्म्या वेळा एवढ्यावरच गाडी निघते.

विम्याची पॉलिसी एकदा बसून वाचा. शर्यत, वेगाची चाचणी, 'रिलायबिलिटी ट्रायल' यांत झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत. पाण्यात घातलेल्या गाडीचं इंजिन पाणी ओढून बसलं तर वेगळं इंजिन-संरक्षण घेतलेलं नसेल तर तो भुर्दंड तुमचाच.

एखाद्या ग्रुपबरोबर जावंसं वाटेल, आणि अनुभवी माणसाबरोबर दोन गाड्यांनी जाणं एकट्यानं जाण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पण जाण्याआधी त्यांना विचारा: जमीन कुणाची, परवानगीचं पत्र दाखवाल का? जे दाखवतील त्यांच्याबरोबर जा. जे 'आपलं चालतंय तिथं' म्हणतील त्यांच्याबरोबर नको, मग त्यांच्या गाड्या कितीही भारी असोत. रीतसर शिक्षण हवं असेल तर महिंद्रानं इगतपुरीजवळ त्यासाठी जागा केली होती, सध्या काय चालू आहे ते तुमच्या शोरूममध्ये विचारून घ्या. बंदिस्त जागेत, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली एका दिवसात जे अंगवळणी पडतं ते एकट्यानं सहा महिन्यांत पडत नाही.

आणि वहिनी. त्या गाडी विका म्हणतात, ते मला वाटतं भीतीनं. तुम्ही कुठे जाता, कधी येता, काय झालं तर कुणाला फोन करायचा, यातलं काही त्यांना कळत नसेल तर आणखी काय म्हणणार? पहिल्या पाणंदीला त्यांना बरोबर न्या. खाली उतरून खुणा करणारं माणूस या खेळात लागतंच, कारण बॉनेटच्या पुढचे चार फूट चालकाला दिसत नाहीत. डावं चाक कुठल्या दगडावर जातंय ते त्या बाहेरून बघतील आणि हातानं सांगतील. त्यांनी मूठ दाखवली की जागेवर थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. मग एक तास चाक त्यांच्या हातात द्या आणि खुणा तुम्ही करा.

रविवारी सकाळी सात वाजता निघा, ऊन चढायच्या आत परत या. निघताना डिकीत फावडं, पट्टा, पंप, दहा लिटर पाणी. आणि सातबाऱ्यावर कोइमतूरच्या चुलतभावाचं नाव निघालं तर त्याला आजच फोन करून ठेवा.